आकाशातल्या गाठी तपासायला पुण्याला गेलो

सन दोन हजार चोवीस. माझं वय चौऱ्याहत्तर. जानेवारीत मी सोलापूरहून पुण्याला गेलो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. तुम्ही म्हणाल, पुण्याला रोज गाड्या भरभरून माणसं जातात, त्यात लिहायचं काय? बरोबर आहे. पण ती माणसं लग्नाला जातात, दवाखान्यात जातात, पोराला खोली बघायला जातात. मी दीर्घिकांच्या गाठींवरून भांडायला गेलो होतो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून, त्या कामासाठी आजवर कोणी गेलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. म्हणून लिहितो.

माझं शिक्षण तिसरी. एका गणितावरून मास्तर म्हणाले तू चुकलास, मी म्हणालो नाही. दोघंही हटलो नाही. मास्तर शाळेत राहिले, मी मागावर आलो. पुढं चादरी-टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होतो. मागावरून उतरलेलं कापड टेबलावर पसरायचं, आणि सुताची गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग हुडकून खडूनं खूण करायची. माझ्या हाताखालून गेलेली चादर गिऱ्हाइकाकडून परत आली असं एकदाच झालं, आणि ती उंदरानं कुरतडली होती.

माझी नात श्रावणी पुण्यात आकाशाचा अभ्यास करते. गणपतीत घरी आली तेव्हा आपला जुना लॅपटॉप मला देऊन गेली. त्यावर लांबच्या दीर्घिकांची चित्रं येतात. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा मोठा पसारा. आपण राहतो तोही तसाच एक. लांबच्या दीर्घिकांत जागोजागी चमकणारे गोळे दिसतात. तिथं एका जागी दाटीवाटीनं नवे तारे जन्माला येत असतात. जगभरातली साधी माणसं घरी बसून त्या गोळ्यांवर खुणा करतात, आणि त्या खुणा बघून मशीन शिकतं.

"तात, या गाठीच समजा," श्रावणी म्हणाली. आम्ही तेलुगू माणसं, आमच्यात आजोबाला तात म्हणतात आणि बापाला नायना. "कापडातल्या हुडकता तशा हुडकायच्या."

"आणि सापडल्या की काढायच्या?"

"काढायच्या नाहीत हो! फक्त दाखवायच्या."

चार महिने मी रोज सकाळी चहा झाला की बसत होतो. हजारच्या आसपास चित्रं तपासली असतील. संक्रांतीच्या तोंडावर तिचा फोन आला. आवाज बारीक.

"तात, रागावू नका. तुमच्या सगळ्या खुणा काढून टाकल्यात."

"कोणी?"

"कोणी नाही. कॉम्प्युटरनं. इतरांशी जुळत नाहीत म्हणून."

"त्याला म्हणावं, समोर ये."

माझा मुलगा श्रीनिवास शेजारीच बसून ऐकत होता. तो दोन वर्षं माझ्या मागं लागला होता की डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या. त्याला तर दिवाळीच झाली. "नायना, आता तर मशीनसुद्धा म्हणतंय," तो म्हणाला. "डोळे गेले तुमचे. मान्य करा."

मी तिथंच पैज मारली. पुण्याला जातो. तिथल्या मोठ्या माणसांनी माझ्या खुणा बरोबर ठरवल्या तर श्रीनिवास जन्मात ऑपरेशनचं नाव काढणार नाही. चूक ठरवल्या तर स्टेशनवरून घरी न येता सरळ दवाखान्यात जाईन. श्रीनिवास म्हणाला, "शब्द?" मी म्हणालो, "शब्द." सून आतून म्हणाली, "दोघांनी जेवून घ्या आधी."

गाडीत

सकाळच्या गाडीनं निघालो. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक जास्तीचं धोतर आणि लॅपटॉप. लॅपटॉप साक्षीपुरावा म्हणून घेतला होता.

कुर्डुवाडीला एक शिक्षिका बाई चढल्या आणि समोर बसल्या. साडी बघताच मी ओळखली. "ही सोलापूरची वीण," मी म्हणालो. "पांढरी जमीन, काळा काठ. चांगली आहे."

बाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "काळा नाही हो काका, गडद निळा."

"काळा."

"अहो, मी दुकानात निळा म्हणून घेतलीय."

"दुकानदार काय वाटेल ते सांगतात."

त्यांच्या शेजारी दुधनीचे एक व्यापारी होते, दाढीला मेंदी लावलेले. त्यांनी काठ हातात न घेता, अदबीनं लांबूनच वाकून पाहिला. "चचा, नीलाच है वो," ते म्हणाले. मग डब्यात मतं घेतली. सहा जण निळा म्हणाले, मी एकटा काळा. एक आज्जी तर डोळ्यावरचा चष्मा काढून, फुंकून, पुन्हा घालून म्हणाली, "निळाच की वो बाबा, तुमी का हट्ट करताय?" मी हटलो नाही. एकतीस वर्षं कापड तपासलेल्या माणसानं गाडीतल्या मतांवर रंग बदलायचा म्हणजे झालंच की.

जेऊरच्या पुढं उजनी धरणाचं पाणी लागतं. ते बघायला तरी एकदा थंडीत या बाजूनं जा. पाणी रुळाच्या जवळ येतं, त्यात जुन्या झाडांचे वाळके शेंडे उभे असतात, आणि लांब पायांचे रोहित पक्षी एका ओळीत माना खाली घालून चरत असतात, मागावरच्या बायका ओळीनं बसून सुताच्या कांड्या भरतात तसे. व्यापाऱ्यांनी मला एक पेरू दिला, मी त्यांना चटणी दिली. रंगाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

जिथं दुर्बीण नाही

श्रावणी स्टेशनवर आली होती. रिक्षानं आम्ही तिच्या संस्थेत गेलो. शहराच्या एका कडेला, लई झाडं, लई शांतता. मी वर बघत बघत चाललो होतो. माझी समजूत अशी की गिरणीच्या चिमणीएवढी दुर्बीण आभाळाकडं तोंड करून उभी असणार. काहीच नव्हतं.

"दुर्बीण कुठं आहे?"

"इथं नाही, तात. एक तर वर अवकाशात आहे. तिची चित्रं इथं येतात."

आत गेलो तर खोल्याखोल्यांतून पडदे ओढलेले. बाहेर लख्ख ऊन, आणि ज्यांचा धंदा आकाशाचा ती माणसं अंधार करून बसलेली! आमच्याकडं तपासणीच्या टेबलावर पहिली लढाई खिडकीच्या जागेवरून होते. इथं खिडकी कोणालाच नको. आणखी एक गंमत म्हणजे जिथं बघाल तिथं फळे. खोलीत फळा, बोळात फळा, चहाच्या जागेजवळ फळा. दोन माणसं चहा घेता घेता भांडू लागली की एक उठतो आणि फळ्यावर लिहून भांडतो. ही पद्धत मला आवडली. आमच्यात फळा असता तर निम्मी भांडणं खडू संपेपर्यंतच चालली असती.

पाहुण्यांच्या खोलीचं दार कार्डानं उघडतं. कार्ड आत राहिलं आणि दार लागलं की तुम्ही बाहेर. हे मला कोणीतरी सांगितलं होतं, पण मी ऐकत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कमरेला टॉवेल लावून, चहावाला कुठं दिसतो का म्हणून बोळात डोकावलो आणि मागं खट्ट झालं.

तेवढ्यात जेवणघरातला एक माणूस ट्रे घेऊन आला. पन्नाशीचा असेल. नाव महादेव.

"आजोबा, हितं टॉवेलात काय करताय?"

"दार रुसलंय."

"कुटनं आलाय?"

"सोलापूर."

"व्हय की! बोलण्यावरनंच वळिकलं मी. मी होटगीचा."

"मग उघड की दार."

"कार्ड कुटं हाय?"

"आत."

"मंग झालं की!" म्हणून तो असा हसला की ट्रेमधले कप वाजले. मग ऑफिसातून दुसरं कार्ड आणायला गेला. तोवर एक परदेशी विद्वान समोरून गेले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. बहुतेक त्यांना वाटलं, हा पोशाखच असावा. मीही सरळ उभं राहून नमस्कार घेतला. उभ्या उभ्या टॉवेल तपासला. आमच्याच गावचा होता. काठाजवळ एक गाठ सुटली होती, कोणी पास केला देव जाणे.

नाष्ट्याचं सांगून ठेवतो. पुण्यात पोह्यांत साखर घालतात. हसू नका, खरंच घालतात. महादेव म्हणाला, "पयलं वरीस मी बी रडलो. आता गप खातो." मी चटणी काढून ताटात पसरली. शेजारच्या टेबलावरची दोन पोरं वास घेत आली, मग आणखी तीन. चटणीचा डबा त्या दिवशी अर्धा झाला.

एक बोट

दहा वाजता श्रावणीच्या गाईड मॅडमकडं गेलो. साठीच्या आतल्या, केस पांढरे, आवाज मऊ. मी ठरवून गेलो होतो की बसायचं नाही, उभ्यानंच बोलायचं. पण त्यांनी स्वतः खुर्ची पुढं केली, तेव्हा बसावं लागलं. निम्मं भांडण तिथंच गेलं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुमच्या खुणांनी आम्हाला महिनाभर छळलंय. हे बघा." कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक दीर्घिका आली, त्यावर माझ्या खुणा. मग दुसरी, तिसरी, दहावी. "प्रत्येक दीर्घिकेत गाठी डावीकडं सरकलेल्या. तुमचं ऐकायचं तर सगळं विश्वच डावीकडं कललंय."

"असेल कललेलं," मी म्हणालो. "तुम्ही नीट बघितलं का?"

श्रावणीनं कपाळाला हात लावला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "माझ्यासमोर करून दाखवाल?"

मी चष्मा पुसला, माऊस हातात घेतला. चित्रात चार गाठी होत्या. मी चार खुणा केल्या. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

श्रावणी ओरडलीच. "तात! तुम्ही गाठीच्या बाजूला खूण करताय!"

"मग कुठं करू?"

"गाठीवर!"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. विणकराच्या घरातली पोर, आणि हे बोलते! "गाठीवर खडू कोण लावतं?" मी म्हणालो. "खडू लावला की गाठ झाकली. पुढं गाठ उचलणारी बाई सुई कुठं घालणार? पांढऱ्या भुकटीत? आणि खडू सुतात शिरला तर धुतल्यावरही जात नाही. खूण नेहमी गाठीच्या डाव्या अंगाला, एक बोट सोडून. उजव्या हातानं गाठ उचलता येते, खूण हाताखाली जात नाही. सोलापुरात तपासणीचं कोणतंही टेबल बघा."

मॅडम उठल्या, पडद्यापाशी गेल्या, आणि माझी खूण व गाठ यांच्यामध्ये स्वतःचं बोट आडवं ठेवून बघितलं. बरोबर बसलं. दुसऱ्या गाठीपाशी ठेवलं. बसलं. मग बोट तसंच धरून माझ्याकडं वळल्या.

"प्रत्येक वेळी एवढंच?"

"एकतीस वर्षं एवढंच."

"श्रावणी, सगळ्या खुणा एवढ्या उजवीकडं सरकव."

चित्रं सगळी एका मापाची होती, त्यामुळं ते जमण्यासारखं होतं. श्रावणीनं काहीतरी टाइप केलं. महादेव चहा ठेवून गेला तरी कोणी कपाला हात लावला नाही. एका बटणावर माझे चार महिने होते, आणि पैज होती.

मग पडद्यावरच्या खुणा हलल्या आणि एकेक जाऊन गाठीवर बसली. पुढचं चित्र. बसल्या. पुढचं. बसल्या.

मॅडम म्हणाल्या, "काय नजर आहे हो!"

सगळंच काही बरोबर नव्हतं. काही ठिकाणी मी आपल्याच दीर्घिकेतले तारे धरले होते. बघण्याच्या वाटेत मध्ये आलेले, लांबच्या दीर्घिकेवर बसल्यासारखे दिसणारे. तपासताना हवेतली सुताची कात्रण कापडावर येऊन बसते, तसं. मी पहिल्या आठ-दहांसाठी वाद घातला, पुढच्या सोडून दिल्या. मॅडम म्हणाल्या, ही चूक आमचीही होते. तरी बाकीच्या माझ्या खुणा त्यांनी पुन्हा कामात घेतल्या. मी तिथंच श्रीनिवासला फोन लावायला सांगितलं.

"तुमच्या वडिलांचं काम आम्ही घेतलंय," मॅडम म्हणाल्या. "फार चांगलं आहे."

पलीकडून आवाज आला, "नायनांना सांगा, हरलो."

निळं

दुपारी जेवण झाल्यावर मॅडमनी मोठ्या पडद्यावर एक दीर्घिका लावली आणि मला सगळं समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या बाईंनी तिसरी पास माणसासाठी तास दिला, हे मी विसरणार नाही.

हा उजेड निघाला तेव्हा आपला सूर्यही झाला नव्हता. आठ-नऊ अब्ज वर्षं तो चाललाच आहे. म्हणजे आपण बघतो ते त्या वेळचं. "एकूण बातमी शिळी," मी म्हणालो. "लई शिळी," श्रावणी म्हणाली. मी म्हणालो, चालतं. आमची कडक भाकरीही महिनाभर टिकते, तिला कोणी शिळी म्हणत नाही.

त्या काळी दीर्घिकांजवळ वायूचा कच्चा माल भरपूर होता, आणि सगळं खळबळत होतं. तो वायू जागोजागी गोळा व्हायचा आणि तिथं ताऱ्यांची एकदम खाणच लागायची. त्याच या गाठी. आताच्या, जवळच्या दीर्घिका त्या मानानं सारख्या, घडी बसलेल्या; असल्या मोठ्या गाठी त्यांच्यात क्वचित. मग जुन्या गाठी गेल्या कुठं? यावर विद्वानांत दोन तट. एक म्हणतात, त्या हळूहळू मध्याकडं सरकल्या आणि त्यांनीच दीर्घिकेचा मधला फुगवटा बांधला. दुसरे म्हणतात, आतल्या नव्या ताऱ्यांच्या तेजानं आणि स्फोटांनी उरलेला वायू उधळला, आणि गाठ जागच्या जागी सुटली.

"सुटली," मी म्हणालो. "गाठ सरकत नसते. ताण आला की सुटते."

"निम्मे लोक तुमच्या बाजूचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण निकाल लावायला दोन गोष्टी लागतात. गाठ मध्यापासून किती लांब, आणि तिचा रंग काय. निळी म्हणजे नवे तारे. पिवळट म्हणजे वय झालेले. बाहेरच्या निळ्या आणि आतल्या पिवळट निघाल्या, तर सरकतात म्हणणाऱ्यांचं वजन वाढतं." त्यांनी कडेच्या एका गाठीवर बोट ठेवलं. "ही बघा ना. किती निळी!"

मी बघितलं. गाठ होती. ठळक होती. पण आटवलेल्या दुधासारखी पिवळट होती.

"व्हय," मी म्हणालो. "निळीशार."

"आणि तिच्या शेजारची ही लहान, फिकट निळी. बहुतेकांची ही सुटते."

तिथं मला काहीच दिसलं नाही. काळोख. मी खुर्ची पुढं घेतली, चष्मा वर केला, खाली केला. श्रावणी म्हणत होती, "किती गोड आहे, नाही तात?" मी मान हलवली. एकतीस वर्षांत न बघता माल पास केला तो त्या दुपारी, पहिल्यांदा. गाडीतल्या बाईंचा काठ डोळ्यांपुढं आला. सहा माणसं निळा म्हणत होती.

हजार चित्रं माझ्या हाताखालून गेली होती. जे दिसलं त्यावरची माझी खूण पक्की होती, त्यात मी आजही कोणाला हार जाणार नाही. पण नुकतेच जन्मलेले किती तारे मी खूण न करताच पुढं ढकलले असतील, हे त्या खोलीत मला एकट्याला कळलं. मॅडम मला पुढच्या चित्रांबद्दल सांगत होत्या. नवीन ढीग येणार, त्यात बारीक गाठी जास्त, तुमच्यासारखा माणूस हवा. खूण मात्र आता गाठीवर करा, एवढंच. मी म्हणालो, बघू.

परत

बुधवारी दुपारच्या गाडीनं निघालो. महादेवनं होटगीला भावाकडं द्यायला एक पुडकं दिलं आणि वर सांगितलं, "आतलं खाऊ नका." उजनीचं पाणी जाताना उन्हात चकाकत होतं, परतताना राखी दिसलं. रोहित पक्षी होते का नव्हते, मी खिडकीबाहेर फार बघितलं नाही.

स्टेशनवर श्रीनिवास स्कूटर घेऊन आला होता. माझी पिशवी त्यानं काढून घेतली, ते तो एरवी करत नाही. घरी सुनेनं गोड केलं होतं. जेवताना तो म्हणाला, "नायना, शब्द म्हणजे शब्द. आता ऑपरेशनचं नाव काढणार नाही."

"काढू नकोस," मी म्हणालो, आणि भाताला आणखी सार घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि चालत डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. दार अजून उघडायचं होतं. पायरीवर बसून राहिलो, पहिला नंबर लावला. डॉक्टर पोरगेलेच होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, काय त्रास होतोय?"

"त्रास काही नाही," मी म्हणालो. "निळा कमी पडतोय."